हृदयाची वाट मोकळी करणारा

मनुष्याचे हृदय त्याच्या मुठीएवढे असते. परंतु त्याच्या कामाला विसावा नाही. आपण जागे असू वा झोपी गेलेले असू, ते दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा आकुंचन पावते आणि शरीराच्या कानाकोपऱ्यांत रक्त पोचविते. सर्वांना रक्त पुरविणाऱ्या या हृदयाला स्वतःलाही रक्ताची गरज असतेच. त्याच्या पोकळीतून एवढे रक्त वाहत असले तरी त्याच्या जाड स्नायूंना ते तेथून मिळत नाही. त्यासाठी हृदयाच्या पृष्ठभागावर दोन स्वतंत्र धमन्या असतात व त्यांना पुढे फांद्या फुटतात. मुळाशी त्यांची रुंदी ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढीच असते.

या चिमुकल्या वाटांवर मनुष्याचे प्राण अवलंबून असतात. वाढत्या वयामुळे, तंबाखूच्या व्यसनामुळे आणि इतर अनेक कारणांमुळे त्यांच्या आतील बाजूस मेदाचा थर साचू लागतो. वाट अरुंद होते. मग जिना चढताना किंवा घाईने चालताना छातीत कळ येते. थोडे थांबले की ती ओसरते. पण एखाद्या दिवशी ती वाट पूर्ण बंद पडली, तर हृदयाचा तेवढा भाग रक्तावाचून निकामी होतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो.

अशी अरुंद झालेली वाट छाती न उघडता आतूनच रुंद करता येते, हे ज्यांनी प्रथम करून दाखविले त्यांचे नाव डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग. आज मुंबई-पुण्यापासून अनेक जिल्ह्यांच्या गावांपर्यंत 'अँजिओप्लास्टी' हा शब्द लोकांच्या तोंडी आहे. आपल्या आप्तेष्टांपैकी कोणावर तरी हा उपचार झाल्याचे आपण ऐकलेले असते. या उपचाराचे मुख्य साधन मात्र एखाद्या भव्य प्रयोगशाळेत जन्माला आले नाही. ते जन्मले एका साध्या स्वयंपाकघरात.

आंद्रेआसचा जन्म २५ जून १९३९ रोजी जर्मनीतील ड्रेस्डेन या शहरी झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटले. त्याचे वडील शाळेत शिक्षक होते. युद्धात त्यांना हवामानाचे निरीक्षण करण्याच्या कामावर जावे लागले, आणि ते परत आले नाहीत. आंद्रेआस व त्याचा थोरला भाऊ योहान्नेस या दोघा मुलांचा सांभाळ आईने एकटीने केला. उद्ध्वस्त झालेल्या देशात दिवस काढणे कठीण होते. काही काळ ती मुलांना घेऊन समुद्रापलीकडे अर्जेंटिना देशात आप्तांकडे जाऊन राहिली. परंतु मुलांचे शिक्षण मायदेशी व्हावे म्हणून पुन्हा परतली. लाइपझिग शहरातील टोमास शाळा ही फार जुनी व नामांकित शाळा होय. अठराव्या शतकात थोर संगीतकार बाख याने तेथे संगीत शिकविले होते. त्याच शाळेत आंद्रेआस शिकला आणि १९५७ साली उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला.

त्या वेळी जर्मनीचे दोन तुकडे झालेले होते. लाइपझिग पूर्व भागात होते. उच्च शिक्षणाच्या ओढीने हा तरुण पश्चिम भागात गेला व हायडेलबर्गच्या विद्यापीठात वैद्यकशास्त्राचा अभ्यास करू लागला. १९६४ साली तो डॉक्टर झाला. पुढे काही काळ त्याने संख्याशास्त्राच्या साहाय्याने रोगांच्या प्रसाराची पाहणी कशी करावी, याचेही शिक्षण घेतले. उपचार झाला म्हणजे संपले नाही. तो किती जणांना लागू पडला आणि किती जणांना पडला नाही, हेही मोजले पाहिजे, ही दृष्टी त्याला येथे मिळाली. ती पुढे जन्मभर त्याच्या उपयोगी पडली.

डार्मस्टाट येथील रुग्णालयात काम करीत असताना डॉ. ग्रुंट्झिग यांच्याकडे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले अनेक रुग्ण येत. त्यांना औषधे द्यावयाची, चालण्याचा व्यायाम सांगावयाचा, एवढेच बहुधा हाती असे. एके दिवशी एका रुग्णाने त्यांना एक साधा प्रश्न केला. घरातील पाण्याची नळी तुंबली म्हणजे नळकारागीर तिच्यात तार घालून ती साफ करतो. तसेच माझ्या पायाच्या रक्तवाहिनीचे का करता येऊ नये, असा तो प्रश्न होता. प्रश्न बाळबोध वाटला तरी त्याने डॉक्टरांच्या मनात घर केले.

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेत मिळालेले होते. तेथील पोर्टलंड या शहरी डॉ. चार्ल्स डॉटर नावाचे क्ष-किरणतज्ज्ञ होते. १९६४ च्या जानेवारी महिन्यात त्यांच्याकडे ८२ वर्षांची एक वृद्धा आली होती. मांडीतील धमनी अरुंद झाल्यामुळे तिचे पाऊल सडू लागले होते. पाय कापण्यावाचून इलाज नाही असे शस्त्रवैद्यांचे मत होते. पण तिला ते मान्य नव्हते. डॉ. डॉटर यांनी तिच्या धमनीत प्रथम एक बारीक नळी घातली, मग तिच्यावरून आणखी जाड नळी सरकविली आणि अशा रीतीने ती वाट हळूहळू रुंद केली. पायात पुन्हा रक्त खेळू लागले. ती वृद्धा अखेरपर्यंत स्वतःच्या दोन्ही पायांनी चालत राहिली. डॉ. डॉटर यांच्या या पद्धतीकडे त्यांच्याच देशात फारसे कोणी लक्ष दिले नाही; परंतु युरोपातील काही डॉक्टरांनी ती उचलली. १९६९ साली स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील विद्यापीठ रुग्णालयात आल्यावर डॉ. ग्रुंट्झिग यांनीही ती शिकून घेतली.

ही पद्धत उपयुक्त होती, तशीच उणीही होती. जाड नळी आत ढकलताना धमनीच्या भिंतीला इजा होण्याचे भय असे. शिवाय वाट जेवढी रुंद करावयाची तेवढेच जाड छिद्र मांडीत पाडावे लागे. हृदयाच्या नाजूक धमन्यांत तर असली जाड नळी नेणे शक्यच नव्हते. आत जाताना बारीक असेल, पण अडथळ्याच्या जागी पोचल्यावर जाड होईल, असे काही साधन हवे होते. म्हणजेच हवा होता एक फुगा!

कल्पना सुचणे सोपे, ती साकार करणे अवघड. डॉ. ग्रुंट्झिग यांच्यापाशी ना स्वतंत्र प्रयोगशाळा होती, ना त्यासाठी पैसा. दिवसभर रुग्णालयातील काम आटोपून ते घरी येत आणि स्वयंपाकघरातील टेबलावर प्रयोग मांडीत. पत्नी मिखाएला, रुग्णालयातील साहाय्यक मारिया श्लुम्फ आणि तिचे पती वॉल्टर श्लुम्फ ही त्यांची मदतनीस मंडळी. जेवणाची ताटे उचलली जात आणि त्यांच्या जागी नळ्यांचे तुकडे, रबर, रेशमी दोरा, कात्री आणि डिंकासारखी चिकट द्रव्ये येत.

प्रथम त्यांनी रबराचा फुगा करून पाहिला. पण तो फसला. याचे कारण समजण्यास कठीण नाही. सायकलची रबरी ट्यूब टायरमधून बाहेर काढून तिच्यात हवा भरली, तर जेथे रबर मऊ असेल तेथेच ती फुगते. रबराच्या फुग्याचे तसेच होई. अडथळ्याच्या कठीण जागी तो तसाच दबून राही आणि जेथे फुगण्याची गरज नाही अशा मोकळ्या जागी मात्र वाटेल तेवढा फुगे. धमनीच्या आत असे झाले तर ती फाटण्याचाच संभव. टायर जसा ट्यूबला ठरलेल्या आकारापलीकडे जाऊ देत नाही, तसा या फुग्यालाही आवर घालणे जरूर होते. म्हणून त्यांनी रबरावर रेशमाचे जाळे विणण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यामुळे नळी फार जाड होऊ लागली.

अशा वेळी झुरिचमधील रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, हाइनरिख हॉप्फ, यांनी त्यांना वाट दाखविली. विजेच्या तारांवर जे आवरण असते त्या जातीचे पीव्हीसी नावाचे प्लास्टिक वापरून पाहावे, असे त्यांनी सुचविले. मग पुन्हा प्रयोगांना आरंभ झाला. प्लास्टिकची बारीक नळी तापवावयाची, दाबाखाली हवा भरून तिचा एक भाग फुगवावयाचा, तो थंड होऊ द्यावयाचा आणि मग त्याची परीक्षा घ्यावयाची. कधी नळी वितळे, कधी फुगा फाटे, कधी जोड सुटे. एक बिघडला की दुसरा, दुसरा बिघडला की तिसरा, असे शेकडो प्रयोग झाले. दोन वर्षांहून अधिक काळ हा क्रम चालला. अखेर त्यांना हवा तसा फुगा साधला. तो लांबट होता आणि कितीही दाब दिला तरी ठरलेल्या जाडीपलीकडे जात नसे. मिटला म्हणजे तो नळीला घट्ट चिकटून बसे.

१२ फेब्रुवारी १९७४ रोजी डॉ. ग्रुंट्झिग यांनी हा फुगा एका रुग्णाच्या मांडीतील अरुंद धमनीत प्रथम वापरला. फुगा फुगला, वाट रुंद झाली आणि त्या रुग्णाला चालताना होणाऱ्या वेदना थांबल्या. यानंतर पायांच्या अनेक रुग्णांना या उपायाचा लाभ झाला. पण त्यांचे लक्ष आता हृदयाकडे लागले होते.

हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्यास त्या काळी शस्त्रक्रियेचा एक उपाय उपलब्ध होता. १९६७ साली अमेरिकेत डॉ. रेने फावालोरो यांनी पायातील शीर काढून तिच्या साहाय्याने बंद वाटेला वळसा देणारी नवी वाट जोडली होती. हा उपाय गुणकारी होता. परंतु त्यासाठी रुग्णाला पूर्ण भूल द्यावी लागे, छातीचे हाड कापावे लागे आणि रुग्ण बरा होण्यास बरेच आठवडे लागत. जे काम करण्यासाठी छाती उघडावी लागते, ते मांडीतील एका टोचणीएवढ्या छिद्रातून करता आले तर किती बरे होईल, असे डॉ. ग्रुंट्झिग यांना वाटे.

मात्र पाय आणि हृदय यांत मोठे अंतर आहे. पायाची धमनी मिनिटभर बंद राहिली तर फारसे बिघडत नाही. हृदयाची धमनी फुगा फुगवून काही क्षण जरी अडविली, तरी हृदयाची लय बिघडेल काय? साचलेल्या थराचे कण सुटून पुढील बारीक वाटा बंद करतील काय? धमनी फाटेल काय? या प्रश्नांची उत्तरे कोणालाच ठाऊक नव्हती. ती मिळाल्यावाचून जिवंत माणसाच्या हृदयाला हात लावावयाचा नाही, असा त्यांनी निर्धार केला.

त्यांनी नळी अधिक बारीक केली व तिच्यात दोन मार्ग ठेवले. एका मार्गाने फुग्यात द्रव भरता येई. हवा न भरता द्रव भरण्याचे कारण असे की, फुगा फुटून हवा रक्तात शिरली तर घात होईल. शिवाय क्ष-किरणांत दिसणारा द्रव भरला म्हणजे फुगा किती फुगला हे पडद्यावर पाहता येते. दुसऱ्या मार्गाने अडथळ्याच्या पलीकडील रक्ताचा दाब मोजता येई. वाट खरोखरच मोकळी झाली की नाही, हे नुसत्या नजरेवर न सोडता मोजून ठरविण्याची ही सोय होती. १९७५ साली त्यांनी कुत्र्यांच्या हृदयधमन्या कृत्रिम रीतीने अरुंद करून त्यांवर हा प्रयोग केला. तो साधला.

१९७६ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील मायामी बीच येथे हृदयरोगतज्ज्ञांचे मोठे अधिवेशन भरले. तेथे डॉ. ग्रुंट्झिग यांनी आपल्या प्रयोगांची माहिती देणारा एक तक्ता भिंतीवर लावला आणि ते त्याच्याजवळ उभे राहिले. बहुतेक तज्ज्ञांना ही कल्पना अव्यवहार्य वाटली. असे काही माणसांत कधी जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांत डॉ. स्पेन्सर किंग नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. त्यांचे नाव ध्यानात ठेवावे. कारण ते या कथेत पुन्हा येणार आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील डॉ. रिचर्ड मायलर यांना मात्र ती कल्पना पटली.

१९७७ च्या मे महिन्यात डॉ. ग्रुंट्झिग सॅन फ्रान्सिस्कोला गेले. हृदयावरील शस्त्रक्रियेसाठी ज्यांची छाती आधीच उघडलेली होती अशा काही रुग्णांच्या संमतीने तेथे फुग्याची परीक्षा घेण्यात आली. शस्त्रवैद्य शेजारीच होते. त्यामुळे काही बिघडले असते तर ते तत्काळ सुधारता आले असते. फुगा फुगविल्यावर पुढे येणारे रक्त गोळा करून तपासले गेले. त्यात सुटलेले कण आढळले नाहीत. एक मोठी शंका फिटली.

आता शेवटची पायरी उरली होती. झुरिचच्या रुग्णालयातील हृदय-शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख डॉ. ओके सेनिंग हे जगप्रसिद्ध शस्त्रवैद्य होते. हृदयाचे ठोके नियमित राखणारे विजेचे यंत्र माणसाच्या शरीरात बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया त्यांनीच १९५८ साली स्वीडनमध्ये केली होती. डॉ. ग्रुंट्झिग यांची पद्धत यशस्वी झाली, तर शस्त्रवैद्यांकडे येणारे काही रुग्ण कमी होणार हे उघड होते. तरीही डॉ. सेनिंग यांनी या तरुण सहकाऱ्याच्या मार्गात अडथळा आणला नाही. उलट, जरूर पडल्यास ताबडतोब शस्त्रक्रिया करता यावी म्हणून आपले सर्व साहाय्य त्यांनी देऊ केले. मनाचा असा मोठेपणा नसता, तर पुढील इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

डॉ. ग्रुंट्झिग यांनी घाई केली नाही. अडथळा एकाच जागी असेल, तो आखूड असेल आणि नळी जेथे सहज पोचेल अशा ठिकाणी असेल, असा रुग्ण ते शोधीत होते. सप्टेंबर महिन्यात तसा एक रुग्ण आला. तो अवघा ३८ वर्षांचा होता. हृदयाच्या पुढील भागाला रक्त पुरविणारी त्याची मुख्य धमनी मुळाजवळच अतिशय अरुंद झाली होती. डॉ. ग्रुंट्झिग त्याच्याजवळ बसले. हा उपाय अशा रीतीने जागेपणी कोणावरही पूर्वी झालेला नाही, त्यात धोका आहे आणि तो फसल्यास छाती उघडावी लागेल, हे सर्व त्यांनी त्याला स्पष्ट सांगितले. सर्व ऐकून घेऊन त्या रुग्णाने होकार दिला. संशोधकाच्या धैर्याची आपण वाखाणणी करतो. पण या रुग्णाचे धैर्यही काही कमी नव्हते.

१६ सप्टेंबर १९७७ हा तो दिवस. रुग्णाच्या मांडीजवळची कातडी तेवढी बधिर करण्यात आली होती. तो पूर्ण जागा होता. शस्त्रवैद्य व भूलतज्ज्ञ खोलीत सज्ज होते. नळी मांडीतील धमनीतून वर, छातीकडे सरकू लागली. क्ष-किरणांच्या पडद्यावर तिची सावली दिसत होती. ती हृदयाच्या धमनीच्या मुखाशी पोचली, आत शिरली आणि मिटलेला फुगा अडथळ्याच्या बरोबर मध्ये जाऊन थांबला. डॉ. ग्रुंट्झिग यांनी फुगा फुगविला. सर्वांचे श्वास रोखले गेले. हृदयाची लय बिघडली नाही. रुग्णाच्या छातीत कळ आली नाही. अडथळ्यापलीकडील रक्ताचा दाब वाढला. त्यांनी दुसऱ्यांदा फुगा फुगविला. दाब आणखी सुधारला. नळी बाहेर काढून चित्र घेतले, तो अरुंद वाट रुंद झालेली स्पष्ट दिसली. इतकी वर्षे ज्याची भीती होती ते सारे इतक्या सहजपणे पार पडलेले पाहून जमलेल्या सर्वांना आश्चर्य वाटले.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील अधिवेशनात त्यांनी आपल्या पहिल्या चार रुग्णांची हकीकत सांगितली, तेव्हा भाषण चालू असतानाच सभागृह टाळ्यांनी दुमदुमून गेले. एका वर्षापूर्वी ज्यांनी मान हलविली होती तेच आता त्यांच्याभोवती गोळा झाले.

येथे एखादा दुसरा मनुष्य असता तर कीर्तीच्या लाटेवर वाहून गेला असता. डॉ. ग्रुंट्झिग यांची खरी परीक्षा आता होती. चार रुग्ण बरे झाले याचा अर्थ उपाय सिद्ध झाला असा नव्हे, हे ते जाणून होते. त्यांनी प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. उपचारानंतर त्याला पुनःपुन्हा बोलावून तपासले. १९७९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या पहिल्या ५० रुग्णांचा संपूर्ण हिशेब एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. हा हिशेब मुद्दाम पाहण्यासारखा आहे. ५० पैकी ३२ रुग्णांत वाट रुंद करण्यात यश आले होते. त्यांच्यातील अडथळा सरासरीने शेकडा ८४ वरून शेकडा ३४ वर आला होता. बाकीच्या रुग्णांत यश आले नव्हते. पाच रुग्णांची प्रकृती एकाएकी बिघडल्यामुळे त्यांच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली होती. हे सर्व त्यांनी जसेच्या तसे लिहिले.

एवढ्यावरच ते थांबले नाहीत. शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या रुग्णांपैकी शेकडा दहा ते पंधरा जणांनाच हा उपाय लागू पडेल, असा आपला अंदाज त्यांनी नमूद केला. आणि आपला उपाय शस्त्रक्रियेपेक्षा व औषधांपेक्षा सरस आहे की नाही, हे ठरविण्यासाठी निःपक्षपाती चाचणी घेणे आवश्यक आहे, असेही त्यांनी सांगितले. अशा चाचणीत रुग्णांचे गट करतात. कोणी कोणत्या गटात जावयाचे हे डॉक्टरांच्या आवडीवर ठेवत नाहीत. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ते ठरते. असे केले नाही, तर डॉक्टर नकळत सोपे रुग्ण आपल्या आवडत्या उपायाकडे वळवितो आणि मग तो उपाय आहे त्याहून चांगला भासतो. स्वतःच्या हाताने घडविलेल्या वस्तूला असा कठोर न्याय लावण्यास सांगणे सोपे नाही. ते त्यांनी केले.

ही विद्या त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. १९७८ पासून झुरिच येथे निरनिराळ्या देशांतील डॉक्टर शिकण्यासाठी येऊ लागले. डॉ. ग्रुंट्झिग एका खोलीत रुग्णावर उपचार करीत आणि दुसऱ्या दालनात बसलेले डॉक्टर तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहत. उपचार साधेल की फसेल हे आधी कोणालाच ठाऊक नसे. त्यामुळे पाहणाऱ्यांना यश दिसे तसेच अपयशही दिसे. अपयश लपवून शिकविलेली विद्या अर्धवट असते, हे त्यांना पक्के माहीत होते. ज्यांनी नीट शिक्षण घेतलेले नाही अशांच्या हाती ही नळी पडू नये, असाही त्यांचा आग्रह असे. १९७९ साली अमेरिकेत सरकारी संस्थेने एक नोंदवही सुरू केली. या उपायाचा अवलंब करणारे डॉक्टर आपल्या रुग्णांची माहिती, बरी असो वा वाईट, तीत नोंदवू लागले.

१९८० साली डॉ. ग्रुंट्झिग अमेरिकेतील अटलांटा शहरी एमरी विद्यापीठात गेले. ज्यांना ही कल्पना एकेकाळी अशक्य वाटली होती ते डॉ. स्पेन्सर किंग आता त्यांचे जवळचे सहकारी झाले. येथे हजारो रुग्णांवर उपचार झाले. काही रुग्णांत रुंद केलेली वाट थोड्या महिन्यांनी पुन्हा अरुंद होते, ही उणीवही हळूहळू स्पष्ट झाली. तीही लपविली गेली नाही. पुढे इतर संशोधकांनी १९८६ साली धमनीला आतून आधार देणारी धातूची बारीक जाळी बसविण्यास आरंभ केला, तो हीच उणीव दूर करण्यासाठी. आज ती जाळी 'स्टेंट' या नावाने ओळखली जाते.

ही जाळी पाहण्याचे भाग्य मात्र डॉ. ग्रुंट्झिग यांना लाभले नाही. त्यांना विमान चालविण्याची आवड होती. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी ते स्वतःच्या लहान विमानातून आपल्या दुसऱ्या पत्नीसह अटलांटाकडे परतत होते. हवामान वादळी होते. वाटेत विमान कोसळले आणि दोघांचाही अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४६ वर्षांचे होते.

मनुष्य गेला, तरी त्याने घालून दिलेला दंडक मागे उरला. ज्या निःपक्षपाती चाचणीची त्यांनी मागणी केली होती, ती एमरी विद्यापीठात १९८७ साली सुरू झाली. तिचे नेतृत्व डॉ. किंग यांच्याकडे होते. ३९२ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटावर शस्त्रक्रिया व दुसऱ्यावर फुग्याचा उपाय झाला. १९९४ साली निकाल प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका यांसारख्या मोठ्या संकटांच्या बाबतीत दोन्ही गटांत विशेष फरक आढळला नाही. मात्र फुग्याने उपचार झालेल्यांना पुन्हा उपचार घेण्याची पाळी अधिक वेळा आली. म्हणजे नव्या उपायाचे गुणही सिद्ध झाले आणि दोषही. कोणत्या रुग्णाला कोणता उपाय द्यावा, हे आता डॉक्टरांना अंदाजाने नव्हे, तर पुराव्याने ठरविता येऊ लागले.

आणि तो पहिला रुग्ण? १६ सप्टेंबर १९८७ रोजी, म्हणजे त्या ऐतिहासिक दिवसाला बरोबर दहा वर्षे झाली तेव्हा, त्याच्या धमनीची पुन्हा तपासणी करण्यात आली. स्वयंपाकघरातील टेबलावर घडविलेल्या त्या चिमुकल्या फुग्याने मोकळी केलेली वाट अद्यापही मोकळीच होती. ते चित्र पाहण्यास फुगा घडविणारे हात मात्र या जगात उरले नव्हते.